जवळजवळचा रंग

मी एक नमुना बोलतोय. लगेच हसू नका. 'काय नमुना आहे!' असं म्हणून तुम्ही ज्यांच्याकडे बोट दाखवता, त्यांतला मी नाही. मी एका जहाजाचा नमुना आहे. लाकडी, दोन माणसांनी दोन टोकांना धरून उचलावा एवढा. पाण्याला माझा कधी स्पर्श झाला नाही. माझं आयुष्य गेलं ते एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लांबलचक टेबलाच्या मधोमध. त्या टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांनी काय करून दाखवलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तरी ते आठवलं की आजही तोंडात बोट घालावंसं वाटतं. बोट नाही म्हणून घालत नाही, एवढंच.

माझा जन्म गोदीतला. तिथे नमुने करणारा एक म्हातारा सुतार होता. जन्मभर त्याने जहाजांचे नमुने केले, पण ती सगळी जहाजं दुसऱ्या देशांत बांधलेली, विकत आणलेली. आधी जहाज यायचं, मग त्याचा नमुना व्हायचा आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन बसायचा. माझ्या वेळी सगळं उलटं झालं. खरं जहाज कुठे नव्हतंच. नुसते नकाशे होते. तो नकाशावर पट्टी ठेवायचा, लाकडावर खूण करायचा आणि पुटपुटायचा, "एवढं धूड आपल्या गोदीत? कोण बांधणार रे बाबा?" पण हात थांबत नव्हते. त्याने माझी डावी कूस काढता-घालता येईल अशी केली. ती फळी बाजूला केली की आतला सगळा संसार दिसतो. इंजिनरूम दिसते, सामानाच्या कोठ्या दिसतात, खलाशांच्या झोपायच्या जागा दिसतात, आणि मधल्या भिंतींतली दारं. प्रत्येक दार नखाएवढं.

शेवटी त्याने राखाडी रंगाचा डबा उघडला, तेवढ्यात कप्तानसाहेब आले.

"रंग नको. तसाच द्या."

"अहो साहेब, असा उघडानागडा कसा देऊ? बघणारे काय म्हणतील?"

"काही झालेलं नाही, असं म्हणतील. खरंच आहे ना ते?"

कप्तानसाहेब नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ. सरकारने तेव्हा नुकतंच एक संरक्षण धोरण जाहीर केलं होतं: पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्या समुद्राची राखण आपणच बांधलेल्या जहाजांनी करायची. जाहीर करायला काय, तोंड आहे आणि माईक आहे. पण ते धोरण पुढे सरकतंय का, की घोडं कुठे पेंड खातंय, हे बघायला एक खोली आणि चार माणसं दिली होती. त्या खोलीचे प्रमुख कप्तानसाहेब होते, आणि त्या खोलीतलं पाचवं माणूस म्हणजे मी.

पहिल्याच बैठकीत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "विकत घेतलेल्या जहाजाचा साधा पंप बिघडला, तरी विकणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. मी राहिलोय उभा. तो म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. आणि समुद्र काही पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही."

मग त्यांनी पद्धत सांगितली. खऱ्या जहाजाचा जेवढा भाग तयार होईल, चाचणीला उतरेल, तेवढाच माझ्यावर रंगवायचा. गडद राखाडी. बाकी लाकूड तसंच राहील. आणि रंगवण्याआधी खोलीतल्या कुणीतरी गोदीत जाऊन त्या वस्तूला स्वतःचा हात लावून यायचं. कागद आला म्हणून रंग नाही. फोन आला म्हणून तर नाहीच नाही. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत, असं त्यांनी दोनदा बजावलं.

त्या चौघांत सगळ्यांत लहान होत्या ताई. शिकून इंजिनियर झालेल्या, नोकरी नवी, आवाज बारीक. जहाजाचा कणा गोदीत बसवला तेव्हा बघून यायला त्यांनाच पाठवलं. त्या परत आल्या त्या तेला-गंजाने काळे झालेले हात घेऊन. बेसिन दाराशीच होतं, पण हात न धुताच त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"कसा आहे?" कप्तानसाहेबांनी विचारलं.

ताई म्हणाल्या, "साहेब, एका टोकाला उभी राहून मी दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारली. त्याला ऐकूच गेली नाही."

त्यांनी बारीक कुंचला घेतला, जीभ दातांत धरली आणि माझ्या तळाशी एक पट्टी रंगवली. गार, ओला रंग. माझ्या अंगावरचा पहिला. तेव्हा मला कळलं की कुठेतरी दूर, मी कधीच न पाहिलेल्या जागी, माझंच एक प्रचंड रूप जमिनीतून उठतंय, आणि त्याची बातमी मला या बाईच्या हातांतून मिळणार आहे. मी शहारलो. लाकूड शहारतं, विश्वास ठेवा.

त्यानंतर वर्षं गेली. कधी वर्षाकाठी दोन बोटं रंग चढायचा, कधी तेवढाही नाही. पोलाद वेळेवर आलं नाही, एवढ्यासाठी मी एक अख्खा हिवाळा जसाच्या तसा बसून होतो. सरकारं बदलली. नवा मंत्री यायचा, माझ्याभोवती फेरी मारायचा आणि विचारायचा, "अजून एवढंच?" चहा आणणारे शिपाईमामा त्याची पाठ वळली की म्हणायचे, "मंत्री बदलले, खुर्च्या बदलल्या, पडदे बदलले. आमचा नमुना तेवढा अर्ध्या चड्डीवर."

पण माझं मन त्या माणसांनी जिंकलं होतं. आपल्या हयातीत जे पुरं होणार नाही त्यासाठी माणूस रोज सकाळी डबा घेऊन येतो, खुर्ची पुढे ओढतो आणि कामाला लागतो, हे मला अजून पुरतं समजलेलं नाही. कप्तानसाहेब खोली सोडून गेले तेव्हा माझा रंग कमरेपर्यंतही आला नव्हता. शेवटच्या दिवशी त्यांनी चष्मा काढून मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. कुणीतरी म्हणालं, "साहेब, पुरं झालं की बोलावू तुम्हाला." ते हसले, "हो, हो, बोलवा." बोलावलं तरी यायला ते असणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं आणि बोलावणाऱ्यालाही.

ताई तिथेच राहिल्या. त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलीला घरी सगळे बारकी म्हणायचे. घरात उठता-बसता जहाजाच्याच गप्पा, मग दुसरं काय होणार? बारकी मोठी झाली, आईपेक्षा हातभर उंच झाली आणि नौदलात गेली. इंजिनांचं काम शिकली. माझ्या खऱ्या रूपावर जे पहिले लोक जाणार होते त्यांत तिचं नाव लागलं, त्या दिवशी ती आईला सांगायला थेट खोलीत आली. तिने माझ्या उघड्या कुशीत वाकून बघितलं आणि इंजिनरूमवर बोट टेकवलं.

"आई, मी इथे असणार."

"मागच्या दाराजवळ?"

"दाराला पाठ लावूनच म्हण. मागे एक कोठी, मग समुद्र."

ताई हसल्या. पण ती गेल्यावर बराच वेळ त्या नखाएवढ्या दाराकडे बघत राहिल्या.

आता सचिवसाहेबांची गोष्ट सांगायला हवी, आणि ती नीट सांगायला हवी, कारण माणूस वाईट नव्हता. खोलीचे नवे प्रमुख म्हणून ते आले तेव्हा दिवस कठीण होते. नव्या सरकारला खर्च कमी करायचा होता आणि हे जहाज पुढे बांधायचं की मोडीत काढायचं, हे ठरवायला एक समिती येणार होती. सचिवसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. खालचा भाग गडद, वरचा सगळा कोरा.

"ताई, हे असं दाखवलं तर समिती उद्याच टाळं लावेल."

"पण साहेब, वरचं काम चालू आहे. पूर्ण झालेलं नाही."

"मग चालू आहे असं दाखवू या ना! जे होत आलंय, जवळजवळ झालंय, त्याला फिकट राखाडी. झालेलं गडद, होत आलेलं फिकट. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. फिकट रंग लागला आणि समितीला टेबलावर ओंडका न दिसता जहाज दिसलं. एका म्हाताऱ्या सदस्याने तर "वा!" म्हटलं. पैसे मिळाले. त्या रंगाने मला वाचवलं, जहाजाला वाचवलं, हे ताईही मान्य करायच्या.

पण दुखणं बरं झालं तरी औषध चालूच राहिलं. फिकट रंगाला गोदीत जाऊन हात लावायची अट नव्हती. फोन आला की कुंचला निघायचा. "सुकाणू बसत आलंय." फिकट. "दारं लागली, चाचणी तेवढी बाकी." फिकट. कुणी काही विचारलं की सचिवसाहेबांचं उत्तर ठरलेलं: "जवळजवळ झालंच." शिपाईमामांनी त्यांचं नाव जवळजवळसाहेब ठेवलं होतं. चहा द्यायला जाताना म्हणायचे, "जवळजवळसाहेबांना जवळजवळ गरम चहा."

त्यात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही. पाहुण्यांना आतलं दिसावं म्हणून माझी डावी फळी काढूनच ठेवलेली असायची, आणि खिडकीही डावीकडेच. वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिकडचा जुना गडद रंग उतरत गेला. उतरत उतरत फिकट झाला. हळूहळू अशी वेळ आली की डाव्या बाजूला झालेलं कुठलं आणि जवळजवळ झालेलं कुठलं, हे ओळखणं कठीण झालं. लांबून बघणाऱ्याला मी पूर्ण दिसायचो. देखणाही दिसायचो, उगाच विनय कशाला?

नव्या मंत्रीबाईंनी मला असंच लांबून बघितलं आणि जहाजाच्या पहिल्या समुद्रचाचणीची तारीख जाहीर केली. पेपरात छापून आलं. खोलीत पेढे नसले तरी टाळ्या वाजल्या. ताई मात्र माझ्या कुशीत डोकं घालून बसल्या होत्या.

"हे दार मी बघून आलेय का?" त्यांनी स्वतःलाच विचारलं.

बारकीच्या पाठीमागचं दार. रंग राखाडी. उन्हाने उतरलेला गडद की मुळातला फिकट? त्यांनी चष्मा पुसला, भिंग आणलं, खिडकीचा पडदा ओढून बघितलं. जिने इतकी वर्षं प्रत्येक खिळ्याला हात लावला, तिला एका दाराबद्दल खात्रीने सांगता येईना. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने त्या गोदीकडे निघाल्या.

तिथे काय झालं ते रात्रभर प्रवास करून सकाळी परत आल्यावर त्यांनी सचिवसाहेबांना सांगितलं, आणि मी ऐकलं. पाणी अडवणारं दार तपासायची पद्धत साधी असते. चौकटीच्या कडेला खडू घासायचा, दार घट्ट लावायचं आणि उघडायचं. दाराला जे रबर असतं त्यावर खडूची रेघ उमटते. ती रेघ चारी बाजूंनी अखंड हवी. जिथे तुटली, तिथून पाणी येणार.

"खालच्या कोपऱ्यात रेघ तुटली, साहेब. शेजारी पाइपाचा आधार जोडताना चौकट तापून ओढली गेलीय. माझं बोट जाईल एवढी फट आहे."

"मग गोदीवाल्यांनी तपासलं कसं नाही?"

"हेच मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ताई, आम्ही मागे तुमच्या खोलीत आलो होतो तेव्हा नमुन्यावर ते दार रंगवलेलं बघितलं. म्हटलं, तुम्ही तपासून गेलात."

खोलीला वाटलं गोदीने बघितलं, गोदीला वाटलं खोलीने बघितलं. आणि दोघांना तसं वाटायला लावलं ते माझ्या अंगावरच्या रंगाने.

मंत्रीबाई त्याच सकाळी येणार होत्या. ताईंनी पिशवीतून पॉलिश पेपर काढला, बाह्या सारल्या आणि माझ्या त्या दाराचा रंग घासायला सुरुवात केली. खरं लाकूड वर आलं. मग त्या शेजारच्या दाराकडे वळल्या.

"हे कशाला?" सचिवसाहेब पुढे आले.

"याचंही आठवत नाही."

"ताई, थांबा! तारीख जाहीर झालीय. माणसं बोलावलीत. आणि दार केवढं, नखाएवढं!"

"इथे नखाएवढं आहे, साहेब. तिथे त्यातून माणूस वाकून जातो."

त्या घासत राहिल्या. ज्याची खात्री नाही ते सगळं. सुकाणू, पंप, शिड्या, डोलकाठी. गुळगुळीत टेबलावर राखाडी भुगा साचायला लागला. शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन दारात थबकले, मग ट्रे खाली ठेवून त्यांनी दुसरा पॉलिश पेपर उचलला आणि विचारलं, "या बाजूचं आठवतंय का?" ताई म्हणाल्या, "नाही." तेही घासू लागले. मला दुखलं नाही.

एवढ्यात मंत्रीबाई आल्याच. मागे त्यांची माणसं, फोटो काढणारे. टेबलावर भुगा, मी अर्धा नागडा, आणि दोन माणसं घामाघूम.

"हे काय चाललंय? मागच्या खेपेला तर पूर्ण होतं."

ताई बोलायला लागणार तोच सचिवसाहेब पुढे झाले. "बाई, फिकट रंगाची कल्पना माझी होती," ते म्हणाले, आणि मग त्यांनी खडूपासून सगळं सांगून टाकलं. एकदाही 'जवळजवळ' म्हटलं नाही.

मंत्रीबाई तापट होत्या. "मी आता लोकांना काय तोंड दाखवू? आणि हे आज सांगताय?"

"आज कळलं, म्हणून आज सांगतोय," ताई म्हणाल्या.

मंत्रीबाईंनी फोटोवाल्यांना बाहेर काढलं. भुग्यावरून एक बोट फिरवलं आणि ताईंकडे रोखून बघितलं. "तुमचं कुणी आहे का त्या जहाजावर?"

"मुलगी आहे."

"म्हणजे लोक म्हणणार, मुलीसाठी सरकारचं जहाज थांबवलं."

"म्हणू देत, बाई. फटीतून येणाऱ्या पाण्याला कळत नाही, आत कुणाची मुलगी आहे ते."

चाचणी पुढे ढकलली गेली. मंत्रीबाईंनी ते आनंदाने केलं असं कुणी समजू नका. पेपरांनी महिनाभर टिंगल केली, 'लाकडी जहाज लाकडीच राहिलं' म्हणून. ताईंची बढती हुकली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बारकी आली, गणवेशात, लाल डोळ्यांनी.

"आई, सगळे मलाच विचारतात. तुझ्या आईने म्हणे जहाज अडवलं. मी तोंड कुठे लपवू सांग? वर्षभर आम्ही घासतोय तिथे!"

ताईंनी खण उघडला, खडूचा एक तुकडा काढला आणि तिच्यासमोर धरला. "जा. तुझ्या इंजिनरूमची दारं तूच बघ."

बारकीने खडू घेतला आणि तशीच निघून गेली. पुढे बरेच दिवस मायलेकींचं बोलणं नव्हतं. ताई जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आणि तसाच झाकून ठेवायच्या. मग एका दुपारी फोन वाजला.

"आई, खडू लावला."

"मग?"

"आणखी दोन दारांना फट आहे." मग, "तू जेवलीस का?"

ताईंनी त्या दिवशी डबा चाटूनपुसून संपवला.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. खोलीतला एकेक जण गोदीत जायचा, हात लावायचा, परत येऊन रंगवायचा. फिकट रंगाचा डबा शिपाईमामांनी कुठे टाकला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकदा सचिवसाहेब स्वतः गेले. इतकी वर्षं त्यांनी जहाजाचं काम बघितलं होतं, पण जहाज कधी बघितलं नव्हतं. ते परतले तेव्हा पांढऱ्या शर्टावर तेलाचा डाग होता आणि आवाज बसला होता. ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"ताई," ते म्हणाले, "त्याच्या सावलीत मी उभा होतो. नुसत्या सावलीत. मला वाटलं होतं, आपण इथे काहीतरी मोठं करतोय. तिथे हजारो माणसं मुंग्यांसारखी चढत होती आणि प्रत्येकाला ठाऊक होतं, आपल्याला काय करायचंय." त्यांनी कुंचला मागून घेतला आणि माझं सुकाणू रंगवलं. रंग कडेबाहेर गेला, पण कुणी हसलं नाही.

आणि अखेर चाचणीचा दिवस आला. जहाज समुद्रात गेलं. खोलीत सगळे फोनभोवती जमले. सकाळी सगळं ठीक असल्याचं कळलं. दुपारी कळलं की वारा वाढलाय. मग फोन येणंच बंद झालं. ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या, एक हात माझ्या पाठीवर. त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि ते त्या हातातून मला कळत होतं. शिपाईमामांनी तीनदा चहा आणला आणि तीनदा तसाच परत नेला. मंत्रीबाई कुणाला न सांगता येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला. सचिवसाहेबांनी उचलला आणि ताईंकडे दिला.

"आई?" दुसरीकडून बारकीचा आवाज, मागे इंजिनाची घरघर. खोली इतकी गप्प होती की मलाही ऐकू येत होतं. "ऐक, घाबरू नकोस. जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो ना, तिथलं बूच सुटलं. मागची कोठी भरली. छतापर्यंत पाणी."

"आणि दार?"

"मीच लावलं. मग त्याला कान लावून उभी राहिले. आई, पलीकडे अख्खा समुद्र धडका मारत होता. इकडे एक थेंब नाही. मी हात फिरवून बघितला, चारी बाजूंनी. कोरडं. एकदम कोरडं. आम्ही चौदाजण होतो आत."

ताई तिथेच खाली बसल्या. तोंडावर पदर, रुमाल, काहीच घ्यायचं त्यांना सुचलं नाही. लहान मूल रडतं तशा त्या सगळ्यांदेखत रडल्या. मंत्रीबाई उठल्या, जवळ आल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

त्यानंतर फार दिवसांनी, ते बूच नवं बसल्यावर, मी पूर्ण झालो. आणि पूर्ण झालेल्याचं त्या खोलीत काही काम नसतं. टेबलावर दुसरा नमुना आला, माझ्यापेक्षा मोठा, कोरा करकरीत. मला गोदीत न्यायचं ठरलं. पुढून ताईंनी धरलं, मागून शिपाईमामांनी, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा मी उघड्या आकाशाखाली आलो.

मग मी त्याला बघितलं.

मला वाटलं होतं की मला ते माहीत आहे. माझंच रूप ना? प्रत्येक खिडकी, प्रत्येक शिडी मला पाठ होती. पण समोर एक राखाडी भिंत उभी होती आणि ती वर जात जात आकाशाला लागली होती. माझ्या पाठीवर जिथे टाचणीएवढा कठडा आहे, तिथे माणसं ओणवून खाली बघत होती आणि हात हलवत होती. ते हललं, अगदी थोडं, पाण्याबरोबर, आणि त्याला बांधलेले जाडजूड दोर करकरले. हे माणसांनी केलं. डबे घेऊन येणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, भांडणाऱ्या, विसरणाऱ्या माणसांनी. मी लाकडाचा तुकडा. मला नमस्कार करता येत नाही, नाहीतर तिथेच केला असता.

आता मी त्याच्याच आत असतो, जेवणघरातल्या एका फळीवर, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून पक्का बसवलेला. लाटा आल्या की आम्ही दोघं एकाच वेळी कलतो. बारकी आता इंजिनरूमची प्रमुख आहे. नवे खलाशी येतात, माझ्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "काय सुंदर केलाय!"

त्यांना मला एकच सांगायचंय, आणि तुम्ही कधी आलात तर तुम्हालाही. माझ्याकडे बघण्यात वेळ घालवू नका. मी नमुना आहे. दोन जिने खाली उतरा, इंजिनांच्या आवाजातून मागे जा. तिथे एक दार आहे. त्याच्या पलीकडे समुद्र आहे. त्याला हात लावून या.